कालची चूक

आमच्या सरांना 'गुड मॉर्निंग' म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की ते खडूची पेटी टेबलावर ठेवत, चष्म्यावरून आमच्याकडे बघत आणि विचारत, "कशावरून?"

पहिल्या वर्षी, पहिल्याच दिवशी हे झालं तेव्हा आम्हाला वाटलं, माणूस खवट आहे. पुढे कळलं की खवट अजिबात नाही, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे. आजची सकाळ चांगली आहे असं या पोरांना वाटतंय, तर त्याला काही आधार असेल, तो आपल्यालाही कळला तर बरं, एवढाच त्यांचा हेतू. आमच्या वर्गात जामसिंग नावाचा मुलगा होता. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. एकदा उन्हाळ्यात तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आज लाइट शे." सरांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मान्य. गुड मॉर्निंग."

आमचं कॉलेज धुळे आणि अमळनेर यांच्या मध्ये कुठेतरी आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर उद्या अर्ध्या गावाचे फोन येतील आणि उरलेलं अर्धं गाव माझ्या अब्बांच्या दुकानात जाऊन बसेल. बी.एस्सी.ला केमिस्ट्रीच्या वर्गात बसायला जागा नसायची, कारण केमिस्ट्रीवाल्यांना कंपनीत नोकरी लागते असा समज होता. गणित घेणारे आम्ही जेमतेम डझनभर. गणित घेतलेला माणूस एक तर मास्तर होतो, नाहीतर वेडा होतो, असं माझे मामू म्हणायचे. आमच्या सरांना एकदा भेटल्यावर त्यांनी त्यात दुरुस्ती केली. काही जण दोन्ही होतात म्हणाले.

सर तासिका तत्त्वावर होते. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जेवढे तास शिकवलं तेवढ्यांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर वर्षी जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत द्यायची, जणू काही गेल्या वर्षी कोणी ओळखतच नव्हतं. सर हे किती वर्षं करत होते कोण जाणे. आजही ते तासिका तत्त्वावरच शिकवतात. कायम व्हायची वेळ त्यांच्यावर एकदा आली होती. ती कशी गेली ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे, पण त्याआधी केळ्यांबद्दल सांगायला हवं.

सर कोणतंही प्रमेय शिकवताना त्याच्या सिद्धतेत मुद्दाम एक चूक घालायचे. रोज एक, हा नियम. चूक कुठे आहे ते सांगायचे नाहीत. घरी जायचं, वही उघडायची, ओळ न् ओळ तपासायची आणि चूक शोधायची. दुसऱ्या दिवशी तासाचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कालची चूक कोणती?" ज्याला सापडली असेल त्याला सरांच्या पिशवीतून एक केळं. सरांच्या भावाची रावेरकडे केळीची बाग होती, त्यामुळे मालाला तोटा नव्हता. कोणालाच चूक सापडली नाही तर सर ते केळं आमच्यासमोर उभं राहून स्वतः सोलायचे आणि अगदी सावकाश, डोळे मिटून खायचे. तेवढा वेळ वर्गात कोणी बोलायचं नाही. मग सालं पिशवीत टाकून ते चूक दाखवायचे आणि ती नेहमीच इतकी डोळ्यांसमोरची असायची की आमची आम्हाला लाज वाटायची.

"पुस्तकात सगळं बरोबर असतं," ते म्हणत, "म्हणून पुस्तक वाचताना झोप येते. यात चूक आहे असं कळलं की माणूस फौजदारासारखा वाचतो."

आणि खरंच आम्ही तसे वाचायला लागलो. बारावीपर्यंत गणित पाठ करणारी आम्ही मुलं, संध्याकाळी बसस्टँडवर उभं राहून एकमेकांशी तिसऱ्या ओळीवरून भांडायला लागलो. माझ्या मैत्रिणीच्या आईनं एकदा काळजीनं विचारलं होतं, पोरींनो, ही तिसरी ओळ कोण आहे?

प्राचार्यांकडे तक्रार गेली. कोणी केली माहीत नाही, बहुतेक केमिस्ट्रीकडून गेली असावी, कारण केळी फक्त आम्हाला मिळायची. प्राचार्यांनी सरांना बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही वर्गात चुकीचं शिकवता असं कानावर आलंय."

"हो. रोज एक," सर म्हणाले.

प्राचार्यांनी पुढे काही विचारलं नाही. तासिका तत्त्वावर गणित शिकवायला दुसरा कोण मिळणार होता?

सर राहायचे जळगावात, पिंप्राळ्याला. सकाळी स्कूटरनं स्टेशन, पॅसेंजरनं अमळनेर आणि तिथून एसटी. एकदा अमळनेरच्या स्टँडवर त्यांनी कंडक्टरला विचारलं, "ही धुळ्याला जाईल?"

"पाटी दिसत नही का भाऊ?"

"पाटी दिसते. पण पाटी म्हणजे नुसतं विधान झालं. मी आधार विचारतोय."

कंडक्टरनं बेल मारली आणि गाडी गेली. त्या दिवशी आमचा तास बुडाला. दुसऱ्या दिवशी सरांनी हे स्वतःच सांगितलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, "गाडी धुळ्यालाच गेली असणार. पण बसल्याशिवाय ते कळलं नसतं आणि कळल्याशिवाय मी बसलो नसतो. माझ्यासारख्या माणसाचं लग्न कसं झालं, याचं मला अजून नवल वाटतं."

उन्हाळ्यात तर त्यांचं ध्यान बघण्यासारखं असे. डस्टरनं धूळ उडते म्हणून ते फळा ओल्या फडक्यानं पुसायचे. मार्च लागला की आमच्याकडे सकाळी अकरालाच भिंती तापतात. मग सर फळा पुसून झाला की तेच फडकं पिळून डोक्यावर ठेवायचे आणि शिकवायला लागायचे. थोड्या वेळानं कपाळावरून खडूच्या पाण्याचे पांढरे ओघळ यायचे, ते नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचायचे आणि सरांना पत्ता नसायचा. दारावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला वाटे, आत काहीतरी पूजापाठ चाललाय. त्या अवतारात ते मध्येच थांबून अहिराणीत विचारायचे, "बठ्ठासले समजनं का?", म्हणजे सगळ्यांना समजलं का, आणि आम्ही "हां सर" म्हटलं की पुढचा प्रश्न तुम्हाला माहीतच आहे.

त्यांचं गणित शिकवणं मात्र असं होतं की अजून मला तोड सापडलेली नाही. दुसऱ्या वर्षाला एक जागा अशी येते की तिथे निम्मी मुलं गणिताला हात जोडतात. एखादी गोष्ट दुसरीच्या कितीही जवळ नेता येते, असं तुम्ही म्हणता. समोरचा म्हणतो, किती जवळ? एवढी? तुम्ही तेवढी नेऊन दाखवायची. तो म्हणतो, आणखी जवळ. तुम्ही आणखी नेऊन दाखवायची. पुस्तकात हे सगळं ग्रीक अक्षरांत असतं आणि वाचून घसा कोरडा पडतो. सरांनी फळ्यावर एकही अक्षर लिहिलं नाही. ते म्हणाले, "हा समोरचा म्हणजे विहीण. ती मांडवात बसलीय. खापरावरचा मांडा तिच्या पुढ्यात आला. ती काय म्हणते? जाड झाला, पातळ पाहिजे. आपण भांडतो का? नाही. आणखी पातळ करतो. ती म्हणते, अजून पातळ. करतो. तिनं काहीही मागू दे, आपल्याकडे मांडा तयार पाहिजे. पण आधी विहिणीनं मागायचं आणि मग आपण करायचं. तुम्ही आधी मांडा करून ठेवलात आणि मग तिला विचारायला गेलात, तर लग्न मोडलं."

आमच्यात विहिणीला समधन म्हणतात आणि मांड्याच्या जागी बिर्याणी असते, पण बाकी काही फरक नाही. वर्गातल्या आम्हा मुलींना हे त्याच तासात कळलं. मुलांना जरा वेळ लागला, त्यांनी मांडवातलं हे राजकारण कधी जवळून बघितलं नव्हतं.

अब्बांचं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या. सर एकदा गादी घ्यायला आले. अब्बा म्हणाले, "सर, नया कापूस है. एकदम नया." मी आत रजईला टाके घालत होते, मी कानांवर हात ठेवले. व्हायचं तेच झालं. सर म्हणाले, "कशावरून?"

"कसम से सर."

"शपथ ही सिद्धता होत नाही."

अब्बा तापट आहेत. त्यांनी कात्री घेतली, शिवून तयार असलेल्या गादीचा कोपरा टराटरा उसवला आणि मूठभर कापूस सरांच्या हातात कोंबला. सरांनी तो उजेडात धरला, हुंगला, बोटांनी ताणून पाहिला. मग म्हणाले, "मान्य," आणि तीच उसवलेली गादी घेतली, दुसरी घ्यायला तयारच होईनात. जाताना अब्बांना म्हणाले, "तुमची मुलगी पण अशीच आहे. उसवून दाखवते." अब्बांना ही स्तुती आहे की निंदा, ते बरेच दिवस कळलं नाही. पण तिसऱ्या वर्षी घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा ते मामूंना म्हणाले, "उसके सर कहते हैं लड़की में दम है. पास हो गई तो जळगाव भेजूंगा, एम.एस्सी.को." मालेगावचं एक स्थळ तोपर्यंत दारात येऊन उभं होतं. त्याला थांबायला सांगितलं गेलं. माझं सगळं त्या एका निकालावर येऊन ठेपलं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या तासाला सरांनी एक मोठं प्रमेय घेतलं. सोप्या भाषेत सांगायचं तर असं, कागदावर इथून तिथपर्यंत, दोन्ही टोकांसकट, कुठेही न तुटता काढलेल्या रेषेला सर्वात उंच असा एक बिंदू असतोच. ऐकायला हे इतकं उघड वाटतं की यात सिद्ध काय करायचं असं कोणीही म्हणेल, पण सिद्ध करायला फळाभर जागा लागते. सरांनी फळा भरला, आम्ही उतरवून घेतला आणि घंटा झाल्या झाल्या सगळे जामसिंगच्या मामाच्या मळ्यावर भरीत-पार्टीला पळालो. वांग्यांचा हंगाम सरत आला होता, तरी त्यानं कुठूनशी चांगली हिरवी वांगी पैदा केली होती. सरही आले. वांगी तुरकाठ्यांवर भाजली जात असताना, ती शिजली आहेत हे कशावरून, यावर त्यांनी जामसिंगच्या मामाशी वाद घातला आणि बोट भाजून घेतलं.

परीक्षेत नेमकं तेच प्रमेय आलं. आम्ही सगळ्यांनी धडाधड लिहिलं. बाहेर येऊन एकमेकांना टाळ्या दिल्या.

आणि निकालाच्या दिवशी आमच्या गणिताच्या पूर्ण वर्गाचा निकाल राखून ठेवला. कॉलेजकडे विद्यापीठाचं पत्र आलं की गणिताच्या पेपरात सर्व विद्यार्थ्यांचं एक उत्तर शब्दाशब्दानं सारखं आहे आणि चुकीचंही आहे, तरी सामूहिक कॉपीच्या संशयावरून सर्वांनी जळगावला चौकशी समितीपुढे हजर राहावं, सोबत विषय शिक्षकांनाही आणावं. कॉपी केस हे दोन शब्द गावात किती वेगानं पळतात ते मी पाहिलं. संध्याकाळी अब्बा दुकानातून आले, जेवायला बसले आणि ताट तसंच ठेवून उठून गेले. 

त्याच दिवशी ऑफिसातल्या क्लार्कनं आणखी एक बातमी सांगितली. धुळ्याच्या एका कॉलेजात गणिताची जागा भरायची होती, कायम स्वरूपाची. सरांना मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, पुढच्याच आठवड्यात. आणि त्या मुलाखतीला विषयतज्ज्ञ म्हणून येणारे गृहस्थ म्हणजे आमच्या चौकशी समितीचे अध्यक्षच होते. क्लार्क म्हणाला, "आता तुम्ही तिथे कॉपी केली म्हणून मान खाली घालून या, नाहीतर सरांनी चुकीचं शिकवलं म्हणून सांगा. काय ते ठरवा."

आम्ही सगळे जळगावच्या गाडीत बसलो. मी खिडकीशी बसून विचार करत होते आणि अमळनेर सुटल्यावर मला एकदम उजेड पडला. सरांची प्रत्येक चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हायची. मग आम्ही सगळ्यांनी एकच चूक लिहिली असेल तर ती कोणती? जिला दुसरा दिवस मिळाला नाही ती! शेवटच्या तासाला उद्या नव्हता. कालची चूक कोणती, हे विचारायला कोणी आलंच नाही. सरांनी मुद्दाम घातलेली चूक तशीच वहीत राहिली आणि आम्ही ती पाठ करून गेलो. मी हे सगळ्यांना सांगितलं तेव्हा डब्यातल्या लोकांनी वळून बघावं एवढा आमचा ओरडा झाला. आम्हीही सुटत होतो, सरही सुटत होते. चुकीचं शिकवलं नव्हतं, मुद्दाम चुकीचं शिकवलं होतं, तीच तर त्यांची पद्धत! सर्वांच्या वतीनं मी बोलायचं असं ठरलं. पाळधी येईपर्यंत माझं भाषण पाठ झालं होतं.

सर पिंप्राळ्याहून स्कूटरनं परस्पर आले होते. शर्ट इस्त्रीचा होता, बहुतेक मुलाखतीसाठी आणलेला. त्यांना काही सांगायला आम्हाला वेळच मिळाला नाही, लगेच आत बोलावलं.

लांबट खोली, भिंतीला फळा, टेबलापलीकडे तिघं जण. मध्ये अध्यक्ष, जाडसर, शांत, बोलण्याआधी चष्मा पुसण्याची सवय असलेले. बाजूला एक मॅडम आणि एक गृहस्थ, जे शेवटपर्यंत बोलले नाहीत. अध्यक्षांनी एक उत्तरपत्रिका उघडली आणि इंग्रजीतलं एक वाक्य वाचून दाखवलं. "बीइंग बाउंडेड, इट हॅज नोव्हेअर टु गो, हेन्स इट कन्व्हर्जेस." म्हणजे, बांधलेली आहे, जायला कुठे जागा नाही, म्हणून ती एका ठिकाणी येऊन थांबते. आकड्यांच्या एका रांगेबद्दलचं हे वाक्य होतं. "हे कोणत्याही पुस्तकात नाही," अध्यक्ष म्हणाले. "आणि हे चूक आहे. आणि तुम्हा सगळ्यांच्या पेपरात हे जसंच्या तसं आहे. आता मला सांगा, हे आलं कुठून?"

मी उठले. भाषण आठवत होतं. मी रोजच्या चुकीबद्दल सांगितलं, फौजदारासारखं वाचण्याबद्दल सांगितलं, केळ्यांबद्दलही सांगून टाकलं. आणि मग शेवटच्या तासाला उद्या नसतो, हे सांगितलं.  अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि मी बघितलं तर ते हसत होते.

"केळं?" ते म्हणाले.

"हो सर. रावेरचं."

मॅडम म्हणाल्या, "हा तर नवोपक्रम झाला! हे लिहून पाठवायला हवं. आपल्याकडे असं कोणी करतं का?"

सगळं इतक्या पटकन बदललं की मला हसू आवरेना. अध्यक्ष सरांना म्हणाले, मुलांवर काही ठपका नाही, निकाल आजच मोकळा करायला सांगतो. फक्त नोंदीसाठी तुम्ही एक ओळ लिहून द्या, की अध्यापनाचा भाग म्हणून ही चूक मी मुद्दाम केली होती. खाली सही. मग त्यांनी घड्याळ बघितलं, आपली पिशवी उचलली आणि जेवायला निघण्यासाठी उभे राहिले. जाता जाता सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धुळ्याला भेटूच."

आमच्यातल्या प्रत्येकानं ते ऐकलं. जामसिंगनं बाकाखालून माझ्या पायावर पाय मारला.

सरांच्या हातात पेन होतं. समोर कोरा कागद होता. ते त्या उत्तरपत्रिकेकडे बघत होते, अजून त्याच पानावर उघडी होती ती. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मला हे लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "यात चूक आहे."

"कशात?"

"मुद्दाम, यात. त्या दिवशीची मुद्दामची चूक पहिल्याच ओळीत होती. दोन्ही टोकं धरायला हवी होती, मी ती वगळली होती. या जामसिंगनं ती तिथल्या तिथे पकडली होती." त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "विसरलात तुम्ही? भरिताच्या नादात?"

आणि आम्हाला आठवलं. जामसिंगनं हात वर केला होता, केळं मिळालं होतं, आणि त्या दिवसाची चूक सापडली म्हणून आम्ही सगळे निर्धास्त झालो होतो. एक सापडली की उरलेलं सगळं बरोबर, असं आम्ही तीन वर्षं धरून चाललो होतो. नियमच तसा होता, रोज एक.

"हे दुसरं वाक्य," सर म्हणाले, "मी खरं समजूनच लिहिलं होतं. तुम्ही आत्ता वाचलंत तेव्हा मला कळलं. ही माझी चूक आहे, साधी."

अध्यक्ष उभेच होते. त्यांनी आवाज खाली आणला, पण खोली केवढी ती, सगळं ऐकू येत होतं. "सर, मुलं सुटलीच आहेत. तुम्ही काहीही लिहिलंत तरी ती सुटलीच. पण पुढच्या आठवड्यात मला तुमच्याबद्दल लिहायचंय. मुद्दाम म्हणालात तर ती पद्धत होते. नाही म्हणालात तर ते अज्ञान होतं. पदवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या माणसाचं अज्ञान."

"हो," सर म्हणाले.

"मग?"

"मग अज्ञान होतं."

मॅडमनी टेबलाकडे बघितलं. मला ओरडावंसं वाटत होतं की सर, सही करा, एका शब्दानं काय होतंय, घरी वहिनी आहेत, मुलं आहेत, दर जूनला नव्यानं मुलाखत देता, करा ना सही! पण सर आमच्याकडे वळले होते. कपाळावर घाम होता आणि चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका गंभीर.

"मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "तुम्ही ते विश्वासानं लिहिलंत. माफ करा."

बालवाडीपासून तोवर मला शिकवणाऱ्या कोणीही हे शब्द मला म्हटले नव्हते. मी रडायला लागले. निकाल सुटला होता, जळगाव सुटलं नव्हतं, मालेगावचं स्थळ परत जाणार होतं, आणि मी तिघा प्राध्यापकांसमोर नाक ओढत रडत होते, कारण त्या इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाची मला माया आली होती आणि रागही तेवढाच आला होता.

सरांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते विचारत होते, "पण चूक नेमकी कुठे आहे? कोण सांगेल?"

 मग जामसिंग उठला. अध्यक्षांकडे एकदा भीतभीत बघून म्हणाला, "सर, बकरी दोरना बाहेर जात नही, हाई खरं. पन म्हनीसन ती एक जागावर बसी राहस का? ती तं येरझारा घालत राहस."

"शाब्बास!" सर इतक्या मोठ्यानं ओरडले की दारातला शिपाई आत डोकावला. "बांधलेली आहे, पण थांबलेली नाही! मग काय करायचं? सगळी बकरी धरायची नाही. तिच्या येरझारांतली एकच बाजू धरायची. ती थांबते. तेवढ्यावर सगळं प्रमेय उभं राहतं! फळा आहे ना इथे?"

ते फळ्याजवळ गेले आणि खडू शोधायला लागले. फळ्याखाली नव्हता, खिडकीत नव्हता. शिपायानं कुठूनतरी एक तुकडा आणून दिला. सरांनी बाही वर केली, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात वरती प्रमेय लिहायला सुरुवात केली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की अध्यक्ष अजून पिशवी घेऊन दाराशी उभे आहेत.

"बसा सर," ते म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, आमच्या बाकावर जामसिंगच्या शेजारी जागा करून घेतली आणि बसले.